‘प्रिये पहा’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘संगीत सौभद्र’ नाटकातलं ‘प्रिये पहा’ हे पद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आजही गायलं जातं. गणपतीच्या मांडवात, नाट्यगीतांच्या कार्यक्रमात, शाळकरी मुलांच्या स्पर्धेत आणि कुणाच्या घरी जेवणानंतर पेटी निघाली की तिथेही. लिहिणारा आपल्याच जिल्ह्यातला, गाणारे गोव्यापासून साताऱ्यापर्यंतचे. या पदाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे पद कुणाचं आणि किती जुनं?

अण्णासाहेब किर्लोस्करांचं, म्हणजे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचं. ‘सौभद्र’च्या पहिल्या तीन अंकांचा प्रयोग पुण्यात नोव्हेंबर १८८२ मध्ये झाला आणि पूर्ण नाटक १८८३ मध्ये रंगभूमीवर आलं. त्याआधी ३१ ऑक्टोबर १८८० ला त्यांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग झाला होता आणि मराठी संगीत नाटकाची सुरुवात आपण तिथूनच धरतो. ‘शाकुंतल’ कालिदासावरून घेतलेलं. ‘सौभद्र’ची कथा महाभारतातली असली तरी बांधणी, संवाद, पदं सगळं किर्लोस्करांचं स्वतःचं. म्हणून त्यातली माणसं देव-राजे असूनही आपल्या घरातल्यासारखी बोलतात, रुसतात, एकमेकांना बनवतात.

किर्लोस्कर आपल्याकडचे, असं म्हणतात. ते खरं का?

अगदी खरं. त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ चा, गाव सौंदत्तीजवळचं गुर्लहोसूर. म्हणजे आपला बेळगाव जिल्हाच. पुढे धारवाड, कोल्हापूर, पुणे असं त्यांचं शिक्षण झालं आणि बेळगावात त्यांनी शिक्षक म्हणून काही काळ काढला. ‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे शिष्य, तेही बेळगावातच शिकले. २ नोव्हेंबर १८८५ ला, वयाच्या ४२ व्या वर्षी अण्णासाहेब गेले. त्यांचं ‘रामराज्यवियोग’ हे नाटक अपुरंच राहिलं. उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्करही याच गुर्लहोसूरचे आणि त्यांच्या धंद्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली, पण ती वेगळी गोष्ट.

१८४३ या सालाविषयी आणखी एक सांगायला हवं. त्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक उभं केलं. त्यामागे काय होतं? उत्तर कानड्यातल्या करकीची भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली, तो खेळ सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिला आणि भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं. म्हणजे मराठी नाटकाला पहिला धक्का कानडी खेळानं दिला आणि मराठी संगीत नाटकाला जन्म देणारा माणूस कानडी मुलखात वाढला. हे पद गाताना ते कुठल्या मातीतून आलं हे आपल्या मुलांना ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

नाटकात हे पद कोण कुणाला म्हणतं?

श्रीकृष्ण रुक्मिणीला. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलरामदादांनी मात्र तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलेलं आणि ते मोडायचा सगळा डाव कृष्णाच्या डोक्यात शिजतोय, असं हे नाटक. या डावपेचांच्या मधोमध कृष्ण-रुक्मिणीचा संसार येतो. रुक्मिणी रागावलेली आहे म्हणून तिची समजूत काढणारं ‘नच सुंदरि करूं कोपा’ हेही याच जोडप्यातलं. ‘प्रिये पहा’मध्ये रात्र सरत आलीय आणि कृष्ण तिला उजाडताना दाखवतोय, इतकंच घडतं.

मग याला प्रेमगीत का म्हणायचं? सगळं तर पहाटेचं वर्णन आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण पद कसं गायचं आणि कुणाचं गाणं चांगलं म्हणायचं हे याच उत्तरावर ठरतं.

पदात ‘प्रेम’ हा शब्द एकदाही येत नाही. तिच्या रूपाची स्तुती नाही, विरह नाही, आणाभाका नाहीत. सुरुवातीला एकदा ‘प्रिये’ म्हटलंय, पुढे थंडगार वारा, मंद होत चाललेला दिवा, पक्षी, भुंगे, कमळं. पण हे वर्णन कवी आपल्याला ऐकवत नाही. एक नवरा शेजारी बसलेल्या बायकोला ‘बघ’ म्हणतोय. दिव्याची ज्योत मंद झाल्याचं त्याला दिसलं, म्हणजे तो दिवा रात्रभर त्यांच्याच खोलीत तेवत होता. वारा थंड लागला, तो दोघांना लागला. आपल्याला जे सुंदर दिसलं ते आधी तिला दाखवावं, ही ओढ म्हणजेच इथलं प्रेम. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसांचं प्रेम असंच असतं आणि त्या काळी ते रंगभूमीवर असं उघडपणे, तरी इतक्या मर्यादेनं आणणं ही मोठी गोष्ट होती.

याला एक तांत्रिक कारणही आहे. विष्णुदासांच्या नाटकांत गाणी बहुतेक सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं अभिनय करायची. पुण्यात पारशी मंडळींचं संगीत नाटक पाहिल्यावर किर्लोस्करांनी गाणं पात्रांच्या तोंडी दिलं. सूत्रधारानं ‘कृष्ण म्हणतो की’ असं सांगणं वेगळं आणि कृष्णानंच रुक्मिणीकडे वळून ‘प्रिये पहा’ म्हणणं वेगळं. मराठी रंगभूमीवर प्रेमगीत शक्य झालं ते या बदलामुळे.

म्हणून कुणाचंही ‘प्रिये पहा’ ऐकताना मी एकच गोष्ट बघतो: गाणाऱ्याला रुक्मिणी दिसतेय का? ती हरवली की मागे नुसता देसकार राग उरतो. तो कितीही सुरेल असला तरी हे पद नव्हे.

शब्द अवघड आहेत. अर्थ सांगाल का?

संस्कृत वळणाचे आहेत खरे, पण एकदा उलगडले की लक्षात राहतात. ‘दिग्वदनें’ म्हणजे दिशांची तोंडं. अरुण ती पुसून स्वच्छ करतोय. ‘अरुण पसरी निज महा’ मधल्या ‘महा’वर बहुतेक जण अडतात, तिथे ‘महा’ म्हणजे तेज. ‘मधुप’ भुंगा, ‘शाखी’ झाड, ‘जलरुह’ कमळ.

‘विरलपर्ण शाखि होति’ ही ओळ फार बारकाईनं पाहून लिहिलेली आहे. अंधारात झाड म्हणजे एक काळा गोळा असतो. उजेड यायला लागला की पानापानांमधली फट दिसते, झाड विरळ झाल्यासारखं वाटतं. मळप्रभेकाठी किंवा खानापूरच्या रानात पहाटे चालत गेलेल्या कुणालाही हे पटेल.

शेवटच्या कडव्यात किर्लोस्कर एकदम उंच उडी घेतात. रात्री सुखदुःख विसरून जे विश्व लयाला गेलं होतं, तेच आता आपली मूळ स्थिती भोगायला पुन्हा उठलं, असं कृष्ण म्हणतो. झोप म्हणजे छोटा प्रलय आणि सकाळ म्हणजे पुन्हा सृष्टी. हे बोलणारा साक्षात कृष्ण आहे, म्हणून त्या ओळीला दुहेरी वजन येतं. तरी तिचा शेवट ‘अहा’ या उद्गारानं होतो, तत्त्वज्ञान सांगितल्याचा आव कुठे नाही. दुर्दैवानं बहुतेक ठिकाणी वेळेअभावी नेमकं हेच कडवं गाळतात.

राग भूपाळी की देसकार? आमच्या मास्तरांनी भूपाळी सांगितला होता.

देसकार. मास्तरांनी भूपाळी म्हटलं तर समजण्यासारखं आहे, कारण दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोन्हींत वर्ज्य. पेटीवर नुसत्या पट्ट्या दाबून आरोह-अवरोह वाजवला तर फरक कळणारच नाही.

फरक आहे तो कुठल्या स्वरावर वस्ती करायची यात. भूपाळीचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. तो पूर्वांगात, खालच्या अर्ध्या भागात रमतो आणि गातात रात्रीच्या पहिल्या प्रहरी. देसकारचा वादी धैवत. गाणं वरच्या भागात, पंचम-धैवत-तार षड्ज या टापूत खेळतं, रिषभावर फार थांबायचं नाही आणि वेळ सकाळची. उजाडतानाच्या पदाला सकाळचा, वर चढणारा राग लावलाय. त्यात उगाच गंधारावर रेंगाळलं की सकाळची संध्याकाळ होते. शिकणाऱ्यांनी आधी दोन-चार दिवस नुसता धैवत लावायचा सराव करावा, तोही मोकळा, न दाबता.

कर्नाटक संगीत ऐकणाऱ्या आपल्याकडच्या कुटुंबांना हे सूर मोहन रागाचे वाटतील. सप्तक तेच आहे, चलन निराळं.

चाल कानडी आहे का हो?

‘सौभद्र’च्या एकूण संगीताबद्दल विचारत असाल तर कानडी वळणं त्यात आहेतच. किर्लोस्करांनी चाली चहूकडून घेतल्या. कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, कामदा, लावणीची वळणं, हिंदुस्थानी बंदिशी आणि लहानपणापासून कानावर असलेल्या कानडी चाली. नाटकात शंभरावर पदं होती आणि एकेकाळी प्रयोग रात्रभर चालायचे. एवढ्या पदांना एकाच साच्याची चाल लावली असती तर प्रेक्षक दुसऱ्या अंकातच उठून गेले असते. म्हणून त्या काळच्या छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर ‘चाल अमुक’ असं लिहिलेलं असायचं. ऐकणाऱ्याला ओळखीची चाल आणि नवे शब्द, दोन्हींचा आनंद मिळायचा.

‘प्रिये पहा’ आज ज्या चालीत गातात ती मात्र हिंदुस्थानी देसकाराचीच आहे. तिला ओढून ताणून कानडी ठरवायची गरज नाही. आपल्या भागाचा ठसा या पदावर आहे तो लिहिणाऱ्याच्या कानात. मराठी, कानडी, संस्कृत तिन्हींची लय ज्यानं लहानपणी ऐकली, त्याच्याच हातून ‘थंडगार वात सुटत, दीपतेज मंद होत’ अशी तीन-तीन मात्रांत पाय टाकणारी ओळ उतरते. म्हणून बघा, तबला नसला तरी ती ठेक्यातच बसते. आणि कडव्यांचे शेवट पाहा: पहा, हा, महा, जलरुहां, अहा. प्रत्येक वेळी तोंड मोकळं उघडतं आणि सूर लांबवायला जागा मिळते. कवितेचं यमक गवय्याच्या सोयीचं करणं हे काम फक्त गाणं जाणणाऱ्या कवीलाच जमतं.

पहिल्या गायकाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण मिळेल का?

नाही. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ मध्ये. किर्लोस्कर १८८५ ला गेले आणि ‘सौभद्र’च्या पहिल्या पिढीतला सगळ्यात गाजलेला आवाज, सुभद्रेची भूमिका करणारे भाऊराव कोल्हटकर, १९०१ मध्ये. त्यामुळे ‘मूळ’ म्हणून बोट ठेवता येईल असा आवाज या पदाला नाही. लिहिलेले शब्द, रागाचा आराखडा आणि पिढ्यांनी तोंडोतोंडी आणलेल्या जागा, एवढंच मूळ. आज आपण ऐकतो ते प्रत्येक गायन हे पुन्हा गायलेलंच आहे.

मग कुणाचं ऐकावं?

सुरुवात छोटा गंधर्वांपासून करावी. सौदागर नागनाथ गोरे हे त्यांचं नाव, जन्म १९१८ चा, सातारा जिल्ह्यातला, निधन १९९७ मध्ये. लहान वयात नाटक कंपनीत आलेले आणि पुढे ‘सौभद्र’मधला कृष्ण म्हणून लोकांच्या मनात कायमचे बसलेले. त्यांच्या गाण्यात रुक्मिणी दिसते, हे त्यांचं मोठेपण. आवाज गोड आणि हलका, जागा घेताना डोळ्यांत मिश्कील भाव असावा असं वाटत राहतं. लयीशी लपंडाव खेळतात, पण ‘प्रिये’ म्हणताना खेळ थांबवून एक क्षण तिच्याकडे वळतात. स्वतः बंदिशी बांधणारा माणूस, ‘गुणरंग’ या नावानं. तरी पदात बंदिशीचा जोर आणत नाहीत.

दुसरं ऐकावं ते प्रभाकर कारेकरांचं. हे गोव्यात जन्मलेले, १९४४ चे. सुरेश हळदणकर, जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास यांच्याकडे शिकलेले, २०२५ च्या फेब्रुवारीत गेले. कॅसेटच्या काळात वाढलेल्या पिढीला ‘प्रिये पहा’ म्हटलं की त्यांचाच आवाज आठवतो. ‘नभ मेघांनी आक्रमिले’ हे ‘सौभद्र’चंच दुसरं पदही त्यांनी असंच घरोघरी पोचवलं. त्यांचं गाणं मैफिलीचं आहे. आवाज भरदार, आकार स्वच्छ, तान दाणेदार. उजाडण्याचा सोहळा त्यात जास्त आहे, खोलीतला दिवा कमी. मला स्वतःला प्रेमगीत म्हणून छोटा गंधर्व अधिक जवळचे वाटतात आणि देसकार म्हणून कारेकर. दोघांचं लागोपाठ ऐकलं तर एकाच पदाच्या पोटात किती जागा आहे ते कळतं.

एकाचं तीन मिनिटांचं आणि दुसऱ्याचं पंधरा मिनिटांचं, असं का?

तबकडीमुळे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. तेवढ्यात ध्रुवपद, एखाद-दुसरं कडवं, चार आलाप, एक तान आणि संपलं. रंगमंचावर ‘वन्स मोअर’ घेत तेच पद कितीतरी वेळ चालायचं. पुढे लाँग प्ले तबकडी आणि कॅसेट आल्यावर पुन्हा ऐसपैस गाता येऊ लागलं. त्यामुळे जुनं ध्वनिमुद्रण आटोपशीर आहे म्हणून त्या गायकाकडे सांगायला कमी होतं असं समजू नये. उलट तीन मिनिटांत काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा विवेक त्या पिढीकडून शिकावा.

दुसऱ्याचं पद आपल्या पद्धतीनं गाणं म्हणजे मूळ बिघडवणं नव्हे का?

या प्रश्नाला आपल्याच जिल्ह्यातून उत्तर मिळालेलं आहे. सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा कार्यक्रमच केला. बालगंधर्व म्हणजे त्या काळच्या रसिकांसाठी देव. त्यांची पदं कुणी गायची तर हुबेहूब त्यांच्यासारखीच, अशी अपेक्षा असायची. कुमारांनी नक्कल केली नाही. बालगंधर्व त्या स्वरापर्यंत का गेले असतील याचा शोध घेतला आणि तो स्वतःच्या आवाजात मांडला. काही जणांना ते रुचलं नाही, पुष्कळांचे कान मात्र त्यानं उघडले. पद पुन्हा गाताना आधी ते उमजावं लागतं, ही गोष्ट त्या नावातच सांगितलेली आहे. बेळगावच्या कुमार गंधर्व रंगमंदिरात गायला उभं राहणाऱ्या प्रत्येक मुलानं हा कार्यक्रम एकदा तरी ऐकलेला असावा.

‘प्रिये पहा’ला हेच लागू आहे. तान बदला, कडवं वेगळ्या जागेवरून उचला, लय थोडी सोडा. शब्द मोडू नका आणि ते कुणाला उद्देशून आहेत हे विसरू नका.

घरी कानडी बोलणाऱ्या गायकांनी मराठी नाट्यपदं कशी काय गायली?

आपल्याकडे त्यात नवल कधीच नव्हतं. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६ ते १९५२), मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून गाजले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी गदग भागातले आणि त्यांचे मराठी अभंग आज पंढरीच्या वाटेवर वाजतात. उलटही झालं. केशवराव भोसल्यांनी आपली ललितकलादर्श मंडळी १९०८ मध्ये काढली ती हुबळीत. मराठी कंपन्यांचा दबदबा इतका वाढला, की गदगकडे शांतकवींनी ‘आपल्या भाषेत का नको’ म्हणून कन्नड नाटकं लिहिली, मंडळी उभी केली. त्या कन्नड नाटकांतल्या गाण्यांवरही मराठी नाट्यपदांची सावली आहे. १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, हुबळी हा मुलूख मुंबई राज्यातच होता. कंपन्यांचे तंबू पुणे, सांगली, बेळगाव, धारवाड, हुबळी असे सरळ रेषेत पडत जायचे.

हे कृष्णाचं पद. बाईनं गायलं तर चालेल का?

चालेल, आणि गावं. ज्या रंगभूमीवर पुरुषांनी सुभद्रा, रुक्मिणी, शारदा रंगवल्या, तिथे मुलीनं कृष्णाचं पद गायला आडकाठी कसली? पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरून गायचं तो, आपल्या गळ्याप्रमाणे घ्यावी. देसकार वरच्या अंगाचा आहे, तेव्हा एरवी ‘काळी चार’ जमते एवढ्यावरून त्यातच गायचा हट्ट धरू नये. तार षड्जाच्या वर गंधारापर्यंत आवाज सहज जाईल अशी पट्टी निवडावी.

कीबोर्ड, गिटार, ड्रम घेऊन नव्या ढंगात केलेलं ऐकलं. तुमचं मत?

वाद्यांशी भांडण नाही. किर्लोस्करांच्या काळात साथीला सारंगी-तबला असे, मग पेटी आली, बालगंधर्वांनी पायपेटीला, म्हणजे ऑर्गनला, मान दिला. त्या त्या वेळी तेही नवंच होतं. माझी अडचण दोन ठिकाणी होते. पहिली, गिटारचे कॉर्ड लावताना त्यात मध्यम-निषाद घुसतात आणि पाच स्वरांतली ती मोकळी हवा कोंदटते. वाजवणाऱ्यानं नुसता सा-प धरून ठेवला तरी पुरे. दुसरी, ड्रमचा ठोका इतका पुढे असतो की गाणारा त्याच्या मागे धावत सुटतो. पहाट होते ती हळूहळू. हे दोन सांभाळून केलेलं नवं काम मी आनंदानं ऐकेन.

मुलीला स्पर्धेत हे पद गायचंय. पाच मिनिटं आहेत. काय सांगू?

पाच मिनिटांत सुरुवातीला मिनिटभर आलाप करण्याचा मोह टाळा. दोन स्वरवाक्यांत देसकार दाखवा आणि ‘प्रिये पहा’ला या. पहिलं कडवं पूर्ण घ्या. मधलं वगळायचं असेल तर वगळा, पण शेवटचं ‘सुखदुःखा विसरुनियां’ ठेवा. परीक्षकांनी ते क्वचितच ऐकलेलं असतं. ताना दोन पुरेत. तिसरी तान चुकली की दोन चांगल्या तानांचे गुण जातात.

त्याआधी एक काम करा. तिला पद गायला न लावता नुसतं बोलायला लावा, घरातल्या कुणाला तरी खिडकीतून बाहेरचं दाखवत असल्यासारखं. जिथे बोलताना आवाज उंचावतो, तिथे गातानाही भाव आपोआप येतो. आणि शक्य असेल तर एखाद्या सकाळी लवकर उठवून गच्चीवर नेऊन म्हणायला सांगा.

कार्यक्रमात गायलं, चित्रफीत करून टाकली, तर हक्काचा प्रश्न येतो का?

शब्दांचा नाही. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखनाचा हक्क संपतो आणि किर्लोस्करांना जाऊन त्याच्या दुपटीहून अधिक काळ लोटलाय. तुम्ही स्वतः, तुमच्या साथीदारांसह गायलात तर निर्धास्त गा. दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण उचलून आपल्या चित्रफितीखाली लावायचं असेल तर मात्र सांभाळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं चालतो. अलीकडे कुणी नव्यानं बांधलेलं वाद्यसंयोजन वापरायचं असेल तर त्यांची परवानगी घ्यावी.

मुलं कानडी किंवा इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्याकडून शब्द कसे बसवून घ्यायचे?

देवनागरी वाचता येत नसेल तर सरळ कानडी लिपीत लिहून द्या. या पदाला कानडी अक्षरं पुरतात. फक्त एक जागा जपायची, ‘रात्रीचा’ मधला ‘चा’. तो ‘चमचा’ मधल्या शेवटच्या ‘चा’सारखा, जीभ दाताला टेकवून म्हणायचा. मुलं तो ‘चंद्र’च्या ‘च’ सारखा म्हणतात, म्हणून दोन-तीनदा समोर बसवून ऐकवा. ‘दीपतेज’, ‘निज’, ‘तेंचि’ यांतले ज आणि च मात्र संस्कृतसारखेच, तिथे कानडी उच्चार बरोबर बसतो. ‘दिग्वदनें’ तोडून शिकवा, आधी ‘दिग्’, मग ‘वदनें’. आणि ‘उषःकाल’मधला विसर्ग गिळू देऊ नका. तिथे हलकासा ‘ह’ ऐकू आला पाहिजे, कारण पुढचा ‘का’ त्याच जोरावर उचलायचा असतो.